चितमपल्लींच्या नवेगावात

४ नोव्हेंबर, मंगळवार

आझाद हिंद एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला सोडते. प्रवास लांबचा, पण तारीख चुकवायची नव्हती. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांमधले दिवस राज्य सरकारने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून ठरवून दिले आहेत. १८ जून २०२५ ला चितमपल्ली सोलापुरात गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या माघारी येणारा हा पहिलाच पक्षी सप्ताह. तो सभागृहात बसून भाषणं ऐकण्यात घालवायचा नाही, हे जूनमध्येच ठरलं होतं.

मी मूळची सोलापूरची. उन्हाने तापलेलं, माळांनी वेढलेलं आमचं गाव. तिथल्या एका मुलाने कोइमतूरला जाऊन वनशिक्षण घ्यावं आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या जंगलांत काढावा, याचं मला लहानपणापासून अप्रूप वाटत आलंय. रानाची गोडी त्यांना घरातूनच लागली. आई आणि लिंबामामा हे त्यांचे पहिले गुरू. २००६ मध्ये सोलापुरात ७९वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. मी मांडवात खूप मागे बसले होते. आयुष्य जंगलात काढलेला माणूस संमेलनाध्यक्ष झाला, याचा आमच्या गावाला झालेला आनंद अजून आठवतो.

सोबतीला मैत्रीण आहे. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. चितमपल्ली तिनेही वाचलेत, पण कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय पदरात घेणाऱ्यातली ती नव्हे. त्यामुळे गप्पांना तोटा नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार

गोंदियाला उतरून जीप केली. कोहमाऱ्यापर्यंत सरळ रस्ता, तिथून नवेगावबांधकडे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसाने कितीतरी ठिकाणी उभं पीक लोळवलं होतं. बायका ओल्या कडपा उचलून बांधावर वाळत घालत होत्या. चालक सांगत होता, लवकर येणारा हलका धान बऱ्यापैकी घरात आलाय, उशिरा येणाऱ्या भारी धानवाल्यांचं मात्र अवघड आहे.

हा तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव बांधले, त्यावर धान आणि ऊस पिकवला. पुढे मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, आली आणि गेली. त्यामुळे कागदोपत्री हे ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, लोकांच्या तोंडी मामा तलाव. नवेगावचा बांध या सगळ्यांत थोर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो घातला, असं सांगतात. डोंगरांच्या मधली मोजकी खिंडारं मातीच्या बांधांनी बुजवली आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी अडलं. भोवतालच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. तलाव बांधायला त्यांनी हात लावला अशी कथा आहे. खुद्द कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला, त्याचं ठाणं एका डोंगरावर आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाचा इथे देव होतो. मला हे फार आवडलं.

चितमपल्ली इथे सत्तरच्या दशकात होते. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, तसाच तो कर्नाळा, नागझिरा आणि मेळघाटच्या कामातही होता. पण नवेगावशी त्यांचं नातं नोकरीपलीकडचं, आणि त्याला कारण माधवराव पाटील डोंगरवार. पाटील इथलेच. तलाव, त्यातले मासे, त्यावर येणारी पाखरं, भोवतालचं रान, सगळं त्यांना तोंडपाठ. अधिकारी आणि गावचा पाटील यांची मैत्री कशी असावी याचा हा नमुना. चितमपल्लींनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलंय, आणि जे त्यांच्याकडून मिळालं त्याचं श्रेय त्यांच्याच पदरात घातलंय. इतर लेखकांत हे कमी दिसतं. जंगलात वाट दाखवणारा बहुतेक वेळा ‘आमचा गाईड’ म्हणून एका ओळीत संपतो. चितमपल्लींच्या लिखाणात गोंड, मासेमारी करणारे ढीवर, फासेपारधी, गुराखी हे शिकवणारे म्हणून येतात.

तलावाकाठी छोटासा कार्यक्रम होता. टेबलावर फोटो, त्याला हार, शेजारी शाळेची पोरं रांगेत. भाषणं लवकर आटोपली हे बरं झालं. मग एका तरुण वनरक्षकाने पोरांना बांधावर नेलं आणि एकच दुर्बीण हातोहात फिरवायला दिली. आपली पाळी आलेल्या एका मुलीने दुर्बीण डोळ्याला लावली आणि ती खाली द्यायलाच तयार होईना. मागची पोरं ओरडत होती, बाईंनी समजावलं, तरी हलेना. तिला जांभळी पाणकोंबडी सापडली होती. लाल पायात देठ धरून ती मुठीत धरल्यासारखी खाते, हे तिने आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं. फोटोला घातलेल्या हारापेक्षा मला ते दोन मिनिटांचं पाहणं मोलाचं वाटलं.

रात्री कार्तिकी पौर्णिमा. बायका पाण्यात दिवे सोडून गेल्या. नंतर कितीतरी वेळ वरून अडयांचे, म्हणजे शीळ घालणाऱ्या बदकांचे, थवे जात होते. चांदण्यात त्या दिसतही होत्या, पण ओळख पटली ती आवाजावरूनच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते, कारण इतक्या लांब आलो ते आजच्यासाठी.

पहाटे एका ढीवर मामांच्या डोंग्यात बसलो. वय सत्तरीपुढचं, अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं. आदल्या संध्याकाळी विचारलं तेव्हा ‘या जी, पाच वाजता’ एवढंच म्हणाले होते. चितमपल्लींना त्यांनी तरुणपणी लांबून पाहिलेलं. ओळख कधी झाली नाही. त्यांच्याबद्दल काही आठवण निघेल म्हणून मी दोनदा विषय काढला. मामांनी दोन्ही वेळा हसून तो सोडून दिला आणि पाण्याकडे बोट केलं. नंतर माझ्या लक्षात आलं, हेच योग्य होतं. आठवणी ऐकायला आलेल्या माणसापेक्षा पाणी बघायला आलेला माणूस त्यांना बरा वाटत होता.

धुकं पाण्यावर गुडघाभर होतं. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवत बसलेले. एका वाळल्या फांदीवर तिरंदाज पक्षी, मान आखूड करून. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत पळाला. पान जरासं दबायचं आणि पुन्हा वर यायचं. मधल्या मोकळ्या पाण्यात बदकांची काळी रेघ. तलवार बदकं नक्की होती, लांब शेपट्या दिसत होत्या. बाकीची ओळखू येईनात इतकी दूर. चक्रवाकांची एक जोडी मात्र उथळ काठाला उघड्यावर उभी होती, नारिंगी, उन्हं यायच्या आधीच उठून दिसणारी.

मग मामांनी डोंगा एका दलदलीच्या कडेला लावला. तिथे मुग्धबलाक चरत होते. या पक्ष्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. गोगलगाय त्या फटीत धरून हा अडकित्त्यासारखी फोडतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि तेच मैत्रिणीला सांगितलं. मामा ऐकत होते. खाली वाकले, चिखलातून एक शिंपला उचलला, धुतला आणि माझ्या हातावर ठेवला. मोठ्या गोगलगायीचा, रिकामा. मी उलटसुलट करून पाहिला. कुठेही तडा नाही, कड शाबूत. तोंडाचं झाकण तेवढं नाही. त्यांनी आणखी एक दिला, मग आणखी दोन. सगळे अख्खे.

‘फोडत नाही जी ते,’ मामा म्हणाले. ‘चिखलात दाबून धरते, चोचीचं टोक आत घालते न् मास वढून घेते.’

आणि हे बोलेपर्यंत समोरच्या एकाने तेच करून दाखवलं. चोच चिखलात, डोकं जरा तिरकं, मानेला दोनचार बारीक हिसके. तेवढ्यात मान वर झाली आणि काहीतरी लुसलुशीत गिळलं गेलं. आम्ही डोंगा तिथवर नेला. ताजा शिंपला पडला होता, आतून ओला, बाहेरून धड. पक्षिशास्त्रज्ञांनी बारकाईने पाहून हेच नोंदवलेलं आहे: खालच्या चोचीचं धारदार टोक झाकणाच्या आत सरकवून हा पक्षी स्नायू तोडतो आणि मांस काढतो, शिंपला क्वचितच फुटतो. ढीवर मामांनी ते कुठे वाचलेलं नाही. त्यांनी ते जन्मभर जाळं टाकता टाकता पाहिलंय.

चितमपल्ली नेमकं हेच करत असत असं मला त्यांच्या पानोपानी दिसतं. अशा माणसाजवळ बसायचं, तो काय सांगतो ते ऐकायचं, मग स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्याच दिवशी रोजनिशीत उतरवायचं. त्यांचे पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश अशाच नोंदींवर उभे राहिलेत. ते संस्कृत शिकले, हंसदेवाचं मृगपक्षिशास्त्र त्यांनी मराठीत आणलं, परक्या भाषांचाही अभ्यास केला. हे सगळं थोर आहेच. पण त्या विद्वत्तेच्या मुळाशी ढीवराच्या डोंग्यात बसायची तयारी होती, आणि त्यांच्याविषयी बोलताना आपण ती विसरतो.

परतताना मामा मोकळे झाले. पूर्वी पाण्यात बुडालेलं गवत आणि वेली भरपूर असायच्या, आता तळ ओका झालाय. बाहेरून आणलेल्या माशांचं बीज सोडू लागल्यापासून मरळ, शिंगाड्यासारखे गावठी मासे कमी झाले. गवत गेलं तशी बदकंही कमी झाली. ‘खायालेच नाही तं येतीन कायले?’ काठावर बेशरमीच्या झुडपांचं रान माजलंय, त्यात ना मासा राहतो ना पाखरू. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर बायकांनी काही मामा तलावांतली बेशरम हाताने उपटून काढली, नांगरून तिथे देशी पाणवनस्पती लावल्या, आणि गावठी मासे परत आणले. मासे आले तशी पाखरंही आली. पक्षी वाचवायचे म्हणून कुणी हे केलं नव्हतं. घरच्या कालवणासाठी आणि बाजाराच्या दिवसासाठी केलं. म्हणूनच ते टिकेल असं मला वाटतं.

दुपारी एका ओसरीवर मरळीचा रस्सा आणि भात खाल्ला. मामींनी वाढताना विचारलं, पुण्याला तलाव आहेत का. मैत्रीण म्हणाली, आहेत, पण त्यातलं कुणी खात नाही. मामींना ते खरं वाटेना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

साकोलीवरून पिटेझरी गेटने नागझिऱ्यात. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला पाचवा. सोबतची गाईड जवळच्याच गावची पोरगी होती. ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू ही झाडं तिने नुसत्या सालीवरून ओळखून दाखवली. वाघ दिसला नाही आणि तिनेही त्याबद्दल क्षमा मागितल्यासारखा चेहरा केला नाही, याचं मला फार बरं वाटलं. रानकुत्री मात्र दिसली. रस्त्याच्या वळणावर सहा-सात जणांचा जथा, तांबूस अंग, काळी शेपटी, एकमेकांना शिट्ट्यांसारख्या आवाजात बोलावत. नागझिरा तलावाच्या काठाने गव्यांचा कळप पाण्यावर आला होता.

आमचा दिवस खरा गाजला तो कावळ्याच्या घरट्यावरून. चितमपल्लींचं एक सांगणं दरवर्षी मे-जूनमध्ये फिरत असतं: कावळ्याने आंबा, करंज अशा झाडावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभूळ-सावरीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. मैत्रिणीला हे मान्य नाही. कावळा मिळेल त्या झाडावर घरटं करतो, गावात कुठली झाडं शिल्लक आहेत त्यावर ते अवलंबून, आणि जुळलेलं तेवढं लोकांच्या लक्षात राहतं, असं तिचं म्हणणं. तिचं चूक नाही.

पण मी म्हटलं, हे त्यांनी मनाने रचलेलं नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हेच सांगितलंय. वैशाखात कावळ्याचं घरटं धडधाकट झाडावर असेल तर सुबत्ता, काटेरी किंवा वाळक्या झाडावर असेल तर दुष्काळाचं भय. तेच शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या तोंडी शतकानुशतकं चालत आलं. चितमपल्लींनी ते दोन्हीकडून गोळा करून आपल्यासमोर ठेवलं. गोळा करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी कुणी केलं नसेल इतकं केलं. ते पडताळून पाहणं हे नंतरच्यांचं काम, आणि ते आपण केलेलं नाही. अर्धे लोक त्यांचं नाव घेऊन तो संदेश पुढे ढकलतात, उरलेले अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढतात. वही घेऊन झाडाखाली दोघांतलं कुणीच जात नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तरी हा आळस करायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. मुग्धबलाकाच्या बाबतीत ढीवराचं खरं निघालं. दुसऱ्या एखाद्या गोष्टीत कदाचित निघणार नाही. पण बघितल्याशिवाय दोन्ही कळणार कसं?

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग गाईडला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, ‘आजी म्हणते तसंच. मी कधी पाहिलं नाही जी. पाहीन आता.’

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पहाट गोंदियाजवळच्या परसवाड्याच्या बाजूला, सारसांसाठी. महाराष्ट्रात सारस आता उरलेत ते या भागात, गोंदिया-भंडाऱ्याकडे, नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लागून. पन्नासाच्या आत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणजे त्याचं जगणं-मरणं शेतकऱ्याच्या हातात. तारांचा धक्का आणि शेतातली औषधं ही मरणाची मोठी कारणं. म्हणूनच इथल्या संस्था, शेतकरी आणि वनविभाग मिळून दर उन्हाळ्याअखेर त्यांची मोजदाद करतात, घरट्यांवर लक्ष ठेवतात.

आम्हाला एक जोडी आणि यंदाचं पिल्लू मिळालं, कापलेल्या बांधीत. पिल्लू म्हणायचं ते उंचीने जवळजवळ आईबापाएवढं, डोकं मात्र अजून तपकिरी, लाल रंग चढायचा होता. सांडलेला धान टिपत होती तिघं. मधेच नराने मान सरळ वर केली, मादीने तिची, आणि दोघांची आरोळी एकात एक गुंतून निघाली. अर्धा मैल सहज गेली असेल. पिल्लाने ढुंकूनही पाहिलं नाही, ते खात राहिलं.

बांधीचा मालक सायकलवरून आला. घरटं त्याच्याच शेतात होतं. पावसाळ्यात त्याने तेवढा तुकडा निंदला नाही, औषध मारलं नाही, पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही. नुकसान किती झालं विचारलं तर त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, अंडी दोन होती, दुसरं पिल्लू दिसेना झालं. ते कधीपासून दिसलं नाही, त्याआधी कुठे दिसलं होतं, त्या दिवशी पाऊस होता की नाही, हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं. मी लिहून घेत होते. दोनदा त्याने मला थांबवलं आणि तारीख दुरुस्त केली.

रात्रीच्या गाडीत मैत्रिणीने माझी वही मागून घेतली. मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले: झाड कुठलं, काटेरी की नाही, घरटं किती उंचीवर, कुठल्या बाजूला, पिल्लं किती, आणि शेवटी जून ते सप्टेंबरचा पाऊस. येत्या वैशाखापासून सुरुवात करायची. तिच्या ओळखीच्या शाळा पुण्यात, माझ्या सोलापुरात, आणि नागझिऱ्याच्या गाईडचा नंबर घेतलेला आहेच. एका वर्षाने काही कळणार नाही, असं ती आधीच बजावतेय. निदान दहा वर्षं तरी हवीत. आमच्या सोसायटीमागे दोन करंज आहेत, नाल्याच्या कडेला दोन बाभळी. चारही झाडं यादीत घेतली.